जेवण: शून्य

बोनेअर बेटाच्या सहलीचं बजेट नवऱ्यानं टीव्हीच्या पडद्यावर लावलं तेव्हा मी सोफ्याच्या कडेला पेपर पसरून सुरिनामहून इथे आलेल्या हिंदुस्थानी लोकांच्या दुकानातून आणलेली मेथी निवडत होते. समोर त्याचा ऑफिसातला मित्र आणि मित्राची बायको बसले होते. आम्ही तिघं, ते दोघं आणि त्यांच्या दोन लहान मुली, असे सातजण जाणार होतो. नवरा एकेक ओळ मोठ्यानं वाचत होता: विमानाची तिकिटं, घराचं भाडं, भाड्याची गाडी, समुद्रात बुडी मारायचा कोर्स, विमा, करोनाच्या टेस्ट. मग ओळ आली जेवणाची. तिच्यासमोर शून्य होतं.

मला वाटलं आकडा भरायचा राहिलाय. मी तसं म्हटलं.

"नाही, ते शून्यच आहे," नवरा म्हणाला. "घराला किचन आहे ना. आपण घरीच करणार."

आपण म्हणजे मी. हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मित्रानं मान डोलावली, त्याची बायको म्हणाली, बेटावर बाहेरचं खाणं फार महाग आहे म्हणे, सगळं बोटीनं येतं. आणि नवरा पुढच्या ओळीवर गेला. माझ्या हातात मेथीची जुडी होती आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण पाहुणे बसले होते म्हणून मी देठं तोडत राहिले.

आता माझं शिक्षण सांगते, म्हणजे ते शून्य एवढं का झोंबलं ते कळेल. मी कॉस्टिंग केलेली बाई आहे. पुण्यात भोसरीच्या एका कारखान्यात दातेरी चाकांची किंमत काढायचे, आणि इथे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळच्या एका छोट्या वर्कशॉपसाठी आठवड्यातून तीन दिवस तेच करते. धातूचा एक भाग बनवायला किती खर्च येतो, हे सांगणं माझं काम. लेथवर उभ्या असलेल्या माणसाचा वेळ मी शून्य धरला तर माझा डच साहेब मला दुसऱ्या दिवशी घरी बसवेल, आणि बरोबरच करेल. अशी बाई घरात असताना बजेट कुणी केलं? नवऱ्यानं. का, तर प्लॅनिंग हा त्याचा प्रांत आहे. कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या अवाढव्य मशीनचं वेळापत्रक तो आखतो, म्हणून सात माणसांच्या डाळभाताचंही तोच आखणार.

तशी आम्हाला सुट्टीचं बजेट करायची सवयच नव्हती. इथे दर मे महिन्यात पगाराबरोबर सुट्टीचे वेगळे पैसे हातात पडतात. आमच्या डच शेजाऱ्यांच्या घरी त्यावर फेब्रुवारीपासून चर्चा चालते, इटली की क्रोएशिया. आमच्याकडे चर्चा कधी झालीच नाही. पैसे आले की पुण्याची तिकिटं. पुण्याला जाणं ही सुट्टी नसतेच, ती हजेरी असते. सासरी इतके दिवस, माहेरी इतके, आणि परत येताना बॅगेत गोडा मसाला. पण दोन उन्हाळे पुणं बंद होतं. पहिल्या वर्षी काढलेली तिकिटं रद्द झाली, दुसऱ्या वर्षी तिकडच्या बातम्या ऐकून तिकीट शब्द उच्चारायचीही हिंमत झाली नाही. पैसे बँकेत पडून राहिले. मग नवऱ्याच्या मित्रानं शोध लावला की कॅरिबियन समुद्रात एवढंएवढंसं बेट आहे, ते नेदरलँड्सचंच आहे, आणि आपल्या इथल्या रहिवासी कार्डावर तिथे व्हिसा लागत नाही. जन्मभर व्हिसाचे अर्ज भरलेल्या भारतीय माणसाला 'व्हिसा लागत नाही' एवढं सांगा, तो कुठेही जायला तयार होतो.

मीही तयार होते. खोटं कशाला बोलू, मला जायचंच होतं. पण फ्लेमिंगो बघायला नाही आणि निळं पाणी बघायलाही नाही. मला एक आठवडा ओट्यापाशी उभं राहायचं नव्हतं. एवढंच हवं होतं मला त्या बेटाकडून.

कारण ती दोन वर्षं मी ओट्यापाशी काढली होती. आधी नवरा दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायचा, मुलगी इथल्या इतर मुलांसारखी शाळेत ब्रेड-चीज न्यायची, आणि मी दुपारी काल उरलेलं काहीतरी उभ्यानं खायचे. करोना आला आणि सगळे घरी बसले. नवरा बेडरूममध्ये, मुलगी तिच्या खोलीत, मी जेवणाच्या टेबलावर, कारण तिसरी खोली नव्हती. साडेअकरा वाजले की बेडरूमचं दार उघडून विचारणा व्हायची, लंचला काय आहे? सगळे घरी आहेत तर ब्रेड कशाला खायचा, गरम काहीतरी होऊ दे. मग चारचा चहा, चहाबरोबर काहीतरी. मग रात्रीचं. रेस्टॉरंट बंद होती, संध्याकाळी बाहेर पडायलाही बंदी होती काही महिने. माझ्या मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी वाजायची आणि डच साहेब विचारायचा, तुमच्या घराजवळून रेल्वे जाते का? सगळे हसायचे. मीही हसायचे. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, की त्या हसण्यात मी सामील कशी झाले.

आणि कौतुक. कौतुकाबद्दल तर बोलायलाच नको. तुझ्या हाताला चव आहे, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मला कळतं, पुढे काम येतंय. मित्राची बायको एका मोठ्या बँकेच्या आयटीत आहे, दिवसभर कॉलवर असते, तेव्हा तिनं स्वयंपाक करावा अशी अपेक्षा तिच्या नवऱ्याचीही नव्हती. ते बाहेरून मागवायचे, नाहीतर आमच्याकडे यायचे. मला तिचा राग नव्हता. मला हेवा होता, आणि हेवा वाटतो याचा राग होता.

पाहुणे गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, जेवणाच्या ओळीत आकडा घाल. त्यानं विचारलं, कुठून आणू? मी म्हटलं, बुडी मारायचा कोर्स काढ. तो म्हणाला, अगं, तिथे जायचं तेच त्यासाठी, जगभरातून लोक येतात त्या समुद्रात. मी म्हटलं, मग आठवड्याऐवजी पाच दिवस जाऊ. तर म्हणे दहा तास विमानात बसून पाच दिवसांसाठी कोण जातं? मी म्हटलं, ठीक आहे, मग माझ्या स्वयंपाकाचा दर लाव. सात माणसं, दोन वेळा, नाश्ता वेगळा. मी तुला हिशेब करून देते, माझं कामच आहे ते.

तो हसला. मनापासून हसला, दुष्टपणानं नाही, आणि तेच जास्त लागलं. "अगं, घरच्या कामाचे कुणी पैसे लावतं का?"

मी पुन्हा पुन्हा विषय काढला. गाडीत काढला, फिरायला गेलो तेव्हा काढला, एकदा दात घासताना काढला. दरवेळी तो शांतपणे समजावायचा, जसं काही मला बेरीज येत नव्हती. बघ, बाहेर खायचं म्हटलं तर सात जणांचा खर्च तिकिटांच्या निम्म्यावर जातो, मग सहलच रद्द करावी लागेल, तुला चालेल का? म्हणजे सहल रद्द झाली तर माझ्यामुळे. मुलीनं ते ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, बाहेरचं खाऊच नका, करोना आहे, घरचं ताजं करून खा. त्यांच्या मागे ओट्यावर त्यांची स्वयंपाकाची बाई पोळ्या लाटत होती, ती मला कॉलमध्ये स्पष्ट दिसत होती.

शेवटी मी गप्प बसले. पटलं म्हणून नाही, थकले म्हणून. नवऱ्याला वाटलं मिटलं.

ऑक्टोबरात शाळेला आठवड्याची सुट्टी लागली. बॅगा भरायचं काम नवऱ्यानं घेतलं, कारण वजनाचं गणित होतं. एक अख्खी बॅग त्यानं किराण्याची केली: तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, कणीक, पोहे, मसाल्याचा डबा, तेलाची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून. माझे दोन सुती कपडे त्या बॅगेत तेलाच्या बाटलीभोवती गुंडाळायला गेले. आणि मधोमध कुकर. कुकरच्या पोटात त्यानं लसूण भरला होता, जागा वाया जाऊ नये म्हणून. मित्राला त्यानं त्या बॅगेचा फोटो पाठवला, मित्राचं उत्तर आलं, क्या बात है, आता बेटावर वहिनींच्या हातची आमटी. मी तो मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला.

विमानात दहा तास तोंडाला मास्क लावून बसलो. उतरलो तर वारा. तिथे सतत वारा असतो, गरम, खारट, आणि रस्त्यावर गाढवं मोकळी फिरतात. घर छान होतं. पांढरं, मागे छोटा व्हरांडा, कुंपणाला उंच निवडुंग, आणि व्हरांड्यातून समुद्र दिसत होता. मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. चपला काढल्या. बसून पाच मिनिटंही झाली नसतील, आतून हाक आली.

"अगं, कुकरची रिंग कुठंय?"

रिंग घरी होती. मी ती नेहमीसारखी धुऊन नळावर अडकवून ठेवली होती, सगळ्याच बायका ठेवतात तशी. ज्यानं कधी कुकर धुतलेला नाही त्याला रिंग वेगळी असते हे कुठून ठाऊक असणार? त्यानं कुकर घेतला, झाकण लावलं, लसूण भरला, बॅगेचं वजन केलं. सगळं चोख. आणि आता झाकण हातात घेऊन तो माझ्याकडे असं बघत होता की जणू मी रिंग मुद्दाम लपवली.

मित्र मागून आला. "काही हरकत नाही वहिनी, पातेल्यात होईल की भात. आम्ही हॉस्टेलला पातेल्यातच करायचो."

"मग कर की," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं गंमत चाललीय. नवऱ्याला कळलं की ही गंमत नाही, कारण मी उठले नव्हते. त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला की असं काय करतेस, मुली भुकेल्या आहेत, आज पहिला दिवस आहे, साधी खिचडी टाक.

मी खूप दिवस पाठ केल्यासारखं बोलले, पण पाठ वगैरे काही केलं नव्हतं. "तुझ्या शीटमध्ये सात तिकिटं आहेत. त्यातलं एक माझं आहे, आणि मी सुट्टीवर आलेय. स्वयंपाकाच्या बाईचं तिकीट तू काढलेलं नाहीस."

दारात आमची मुलगी उभी होती. पंधरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. "पण मग आपण खाणार काय?" असं तिनं इंग्रजीत विचारलं. बाप झाकण हातात घेऊन तिच्या शेजारी उभा होता, तरी विचारताना ती माझ्याकडे बघत होती. त्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त राग त्या नजरेचा आला. तिच्यावर नाही आला. तिला ती नजर शिकवली आम्ही दोघांनी, रोज तीनदा.

मी पर्समधले डॉलर घेतले, त्या बेटावर तेच चालतात, आणि चालत निघाले. किनाऱ्याला एक खाण्याची गाडी होती, तिथे तळलेला मासा मिळत होता आणि बरोबर मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, वड्या पाडून तळलेला. मी एक प्लेट घेतली आणि दगडी कट्ट्यावर बसून खाल्ली. गरम होती. कुणीतरी दुसऱ्यानं केलेलं गरम अन्न मी दोन वर्षांत खाल्लं नव्हतं. मागवलेलं खाल्लं होतं, पण ते डब्यातून गार होऊन यायचं, आणि वाढायचं पुन्हा मीच. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी चीड आली, की एका माशाच्या तुकड्यावर रडायची वेळ यावी.

थोड्या वेळानं मित्राची बायको आली. शेजारी बसली. घरी दोघं पुरुष पातेल्यात खिचडी लावत होते, असं तिनं सांगितलं. पाणी किती घालायचं यावर वाद चालला होता. मग ती म्हणाली, "मला खरंच वाटायचं, तुला आवडतं करायला."

"आवडतं," मी म्हटलं. "सक्तीनं नाही."

तिनंही एक प्लेट घेतली. आम्ही दोघींनी समुद्राकडे बघत खाल्लं.

खिचडी खाली लागली होती आणि वर कच्ची होती, असं मुलीकडून कळलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे बाहेर खायला लागले. सकाळी ब्रेड, दुपारी गाडीवर, संध्याकाळी कुठेतरी स्वस्तात. किराण्याची बॅग उघडी पडून होती, तिच्यातून तेवढे पोहे एकदा मित्रानं केले, बरे झाले होते. नवरा प्रत्येक बिल दुमडून पाकिटात ठेवायचा आणि तोंड पाडून गाडी चालवायचा. समुद्रात बुडी मारून आला की पाच मिनिटं खूश असायचा, मग जेवायची वेळ झाली की पुन्हा तोंड पडायचं. मी त्याची समजूत काढली नाही. मी रोज पाण्यात गेले, दुपारी झोपले, मिठागराशेजारी उभी राहून गुलाबी फ्लेमिंगो बघितले आणि मला ते आवडले. राग गेला नव्हता, पण माझ्या हातांना त्या आठवड्यात लसणाचा वास नव्हता.

परत आलो. रिंग नळावर होती तिथेच होती. मी ती कुकरला लावली, कारण दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिस होतं आणि रात्री वरणभात लागणार होता. नवरा भांडला नाही, मीही नाही. एक-दोनदा त्यानं स्वतःहून भात लावला आणि शिट्ट्या मोजताना मला हाक मारली. मला वाटलं, निदान एवढं तरी कळलं असेल.

डिसेंबरात सगळं पुन्हा बंद झालं. नवरा पुन्हा घरी, मुलगी पुन्हा घरी. एका दुपारी मी पोळ्या करत होते आणि नवरा टेबलाशी लॅपटॉप घेऊन फोनवर बोलत होता. लायडनला त्याचा कॉलेजातला मित्र असतो, त्याला उन्हाळ्यात सहकुटुंब त्याच बेटावर जायचं होतं, बजेट कसं केलं म्हणून विचारत होता. फोन स्पीकरवर होता. नवऱ्यानं त्याला सगळं नीट सांगितलं: तिकिटं कधी काढायची, गाडी कुठली घ्यायची, कोर्स कुठे स्वस्त पडतो. पलीकडून विचारलं, खाण्याचं काय?

"ते घरीच करायचं, शून्य धर," नवरा म्हणाला. "आमचा खाण्यावर अनपेक्षित खर्च झाला रे थोडा. पण तो काय, प्रत्येक वेळी होत नाही."

अनपेक्षित. मी ऑगस्टपासून घसा फोडून सांगत होते. गाडीत सांगितलं, फिरताना सांगितलं, तोंडात टूथपेस्टचा फेस असताना सांगितलं. सगळ्यांसमोर समुद्राकडे तोंड करून सांगितलं. आणि ह्याच्या लेखी ते अचानक कोसळलेलं काहीतरी होतं, फ्लाइट चुकावी तसं. लायडनच्या त्या बाईला मी कधी भेटलेले नाही, पण तिच्या आठवड्यावर आत्ताच, माझ्या देखत, शून्य लिहिलं गेलं होतं.

मी फोनवर वाकले आणि म्हटलं, "भाऊजी, तुमच्या बायकोला मला फोन करायला सांगा. जेवणाचा आकडा मी देते."

मग हात धुतले. तव्यावर पोळी होती, एक बाजू भाजून झाली होती. मी दारापाशी गेले, कोट चढवला, बूट घातले. मागून नवऱ्यानं हाक मारली.

"अगं, पोळी करपतेय."

"मग उलट," मी म्हटलं, आणि सायकल काढली.